टायरमध्ये हवा भरणारा जनावरांचा डॉक्टर: डनलॉप, वेग आणि पंक्चर

सायकलचा टायर ऑनलाइन घ्यायला गेलात की दोन प्रकारची वर्णनं दिसतात. एका टायरवर फास्ट रोलिंग लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर पंक्चर प्रोटेक्शन. दोन्ही गोष्टी पूर्णपणे देणारा टायर मात्र सापडत नाही. जो पळतो तो नाजूक असतो आणि जो टिकतो तो जड चालतो. मी रोज सायकलने कामावर जातो आणि दर वेळी टायर बदलायची वेळ आली की याच प्रश्नापाशी येऊन थांबतो.

हा प्रश्न नेमका कुठून आला हे शोधायला मी मागे मागे गेलो, तेव्हा एका माणसापाशी पोचलो. त्याचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय, कारण ते टायरवर छापलेलं असायचं: डनलॉप. पण जॉन बॉइड डनलॉप हे इंजिनिअर नव्हते, कारखानदारही नव्हते. ते गुरांचे आणि घोड्यांचे डॉक्टर होते. आज त्यांची गोष्ट बघू आणि तिच्यातूनच टायरचं तंत्रज्ञान समजून घेऊ.

स्कॉटलंडमधला शेतकऱ्याचा मुलगा

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या एअरशर परगण्यात, ड्रेगहॉर्न नावाच्या गावी झाला. घर शेतकऱ्याचं. मूल दिवस भरायच्या दोन महिने आधी जन्मलं होतं, त्यामुळे याची तब्येत नाजूक आहे असं आईवडिलांनी त्यांच्या मनावर लहानपणापासून बिंबवलं. गंमत म्हणजे त्यांना आयुष्यभर कुठलाही मोठा आजार झाला नाही. तरीही जपून राहायची सवय शेवटपर्यंत गेली नाही. ही सवय लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा भेटेल.

एडिंबरामध्ये पशुवैद्यकाचं शिक्षण घेऊन ते १९व्या वर्षी डॉक्टर झाले. काही वर्षं स्कॉटलंडमध्ये काम केल्यावर १८६७ मध्ये ते आयर्लंडला आले. पुढे बेलफास्ट शहरात मे स्ट्रीटवर त्यांनी आपला दवाखाना थाटला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा झाला. १८८० च्या दशकापर्यंत त्यांचा दवाखाना आयर्लंडमधल्या मोठ्या दवाखान्यांमध्ये गणला जात होता.

म्हणजे वय सत्तेचाळीस, धंदा उत्तम, घर सुखी. अशा माणसाला काही शोधून काढायची गरज नव्हती. पण त्यांना हाताने वस्तू करायची आवड होती आणि जनावरांवर उपचार करताना लागणाऱ्या साधनांमुळे रबराशी त्यांची चांगली ओळख होती.

त्या काळातली सायकल म्हणजे हाडं खिळखिळी करणारं यंत्र

आता जरा त्या काळचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. बेलफास्टचे रस्ते दगडी फरशांचे होते. चाकांना भरीव रबराच्या पट्ट्या असायच्या. आत हवा नाही, पोकळी नाही, नुसतं घट्ट रबर.

आधीच्या उंच सायकलींचं पुढचं चाक खूप मोठं असे. मोठं चाक लहानसहान खड्ड्यांवरून सहज निघून जातं. पण त्या उंचीवरून पडलात तर थेट डोक्यावर आपटायची भीती. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर सायकल आली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला साखळी, म्हणजे आजच्या सायकलीचीच रचना. तिला सेफ्टी सायकल म्हणत. ती सुरक्षित होती खरी, पण चाकं लहान झाल्यामुळे प्रत्येक दगडाचा दणका सरळ अंगात यायचा.

दणका म्हणजे नुसता त्रास नव्हे, हे इथे समजून घेऊ. भरीव चाक दगडावर चढतं तेव्हा अख्खी सायकल आणि तिच्यावरचा माणूस किंचित वर उचलला जातो. ते उचलायचं काम तुमचे पायच करतात. चाक पुन्हा खाली आदळतं तेव्हा ती ताकद धक्क्यात आणि आवाजात वाया जाते. म्हणजे जितके दणके जास्त, तितका वेग कमी.

डनलॉप यांचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती. घरी येणारे डॉक्टर जॉन फॅगन यांनी त्याला व्यायाम म्हणून सायकल चालवायला सांगितलं होतं. पण दगडी रस्त्यावर त्या पोराला ती धड चालवता येईना. वडिलांसमोरचा प्रश्न एवढाच होता: मुलाची सायकल कमी हादरावी आणि जरा जोरात जावी.

अंगणातला प्रयोग

ऑक्टोबर १८८७ मध्ये डनलॉप यांनी एक लाकडी गोल चकती घेतली. रबराच्या पातळ पत्र्यापासून एक नळी तयार केली. ती चकतीच्या कडेवर बसवून वरून लिननचं कापड घट्ट गुंडाळलं आणि नळीत हवा भरली. मग जॉनीच्या सायकलचं भरीव रबराचं चाक काढलं आणि दोन्ही चाकं अंगणात एकामागून एक ढकलून दिली.

भरीव रबराचं चाक थोडं गेलं आणि आडवं पडलं. हवेचं चाक मात्र अंगण पार करून पलीकडच्या फाटकाच्या खांबावर आपटलं आणि उलट मागे आलं.

मला हा प्रयोग फार आवडतो. ना मोटर, ना मीटर, ना लॅब. दोन चाकं, एक अंगण आणि ढकलायला एक हात. पण टायर मोजायचं मूळ तत्त्व यातच आलं. चाकाला दिलेल्या ताकदीतली किती ताकद वाटेत गायब होते, हेच यात दिसतं. आज टायर तपासणाऱ्या प्रयोगशाळा मोठ्या फिरत्या ड्रमवर चाक दाबून जे मोजतात, ते हेच. त्याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात.

मग त्यांनी तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेचे टायर बसवले. नंतर दोनचाकी सायकलवर, बेलफास्टच्या चेरीव्हेल मैदानात चाचण्या झाल्या. ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळालं.

हवा नेमकं काय करते?

आता थोडं तंत्रज्ञान. घाबरू नका, सोपं आहे.

घरातली रबरी चप्पल हातात घ्या आणि दुमडा. ताकद लागते ना? सोडली की ती सरळ होते, पण तुम्ही लावलेली सगळी ताकद परत करत नाही. काही ताकद रबराच्या आत उष्णता होऊन जाते. तंत्रज्ञ या प्रकाराला हिस्टेरेसिस म्हणतात.

टायर फिरताना हेच घडतं. जमिनीला टेकणारा भाग वजनाने चपटा होतो, पुढे गेल्यावर परत गोल होतो. चाकाच्या प्रत्येक फेरीत टायरचा प्रत्येक भाग एकदा दुमडतो आणि एकदा सुटतो. रबर जितकं जाड, तितकी जास्त ताकद गरम होण्यात जाते.

हवेचं वेगळं आहे. हवा दाबली की दबते आणि सोडली की जवळपास सगळी ताकद परत देते. म्हणजे स्प्रिंग म्हणून हवा रबरापेक्षा कितीतरी प्रामाणिक. डनलॉप यांनी केलं ते एवढंच: चाकाभोवतीचं बरंचसं रबर काढून त्या जागी हवा ठेवली. रबर राहिलं ते फक्त हवा कोंडून ठेवण्यापुरतं. शिवाय ही गादी बारीक दगड गिळून टाकते, त्यामुळे माणूस आणि सायकल सारखी वरखाली होत नाही.

पण यातच आपल्या प्रश्नाची मेख आहे. रबर कमी केलं म्हणून वेग आला. आणि रबर कमी केलं म्हणूनच काट्याला आत शिरायला वाट मिळाली. भरीव रबराच्या चाकात खिळा घुसला तरी चाक चालत राहायचं. हवेच्या टायरचा शोध लागला, त्याच दिवशी पंक्चरही जन्माला आलं.

हसणाऱ्या लोकांचं तोंड बंद करणारी शर्यत

नवीन टायर जाडजूड, फुगलेला दिसायचा. बारीक भरीव पट्ट्यांची सवय असलेल्या लोकांना तो बघून हसू यायचं. पण विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने हवेच्या टायरची सायकल विकत घेतली. तो बेलफास्टच्या एका सायकल क्लबचा कॅप्टन होता, मात्र फार नावाजलेला शर्यतपटू नव्हता. डनलॉप यांनी त्याला सुचवलं की ही सायकल घेऊन शर्यतीत उतर.

१८ मे १८८९ रोजी बेलफास्टमध्ये क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धा होत्या. ह्यूम सायकलच्या चारही शर्यती जिंकला. थोड्याच दिवसांनी लिव्हरपूलला गेला आणि तिथेही एक सोडून सगळ्या शर्यती जिंकून आला.

हरलेल्यांमध्ये हार्वी ड्यू क्रॉस यांची मुलं होती. ड्यू क्रॉस हे आयर्लंडच्या सायकलपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष आणि हिशेबी व्यापारी. आपली चांगली तयारीची मुलं एका साध्या खेळाडूकडून हरली, याचं कारण पायात नाही तर चाकात आहे हे त्यांनी ओळखलं. त्याच वर्षी डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी आपलं पेटंट तिच्या हवाली केलं आणि बदल्यात काही शेअर घेतले. कंपनीचं भांडवल होतं २५ हजार पौंड.

वेग मिळाला, पण पंक्चर काढायचं कसं?

पहिला डनलॉप टायर आजच्यासारखा हाताने काढता येत नसे. ट्यूबवरचं कापड रिमभोवती गुंडाळून चिकटवलेलं असे. पंक्चर झालं की ते सगळं सोडवा, भोक शोधा, ठिगळ लावा, पुन्हा चिकटवा आणि सुकायची वाट बघा. आपल्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून, बुडबुडे बघून दहा-पंधरा मिनिटांत काम संपवतो. तेव्हा त्याच कामाला अर्धा दिवस जाई.

ही अडचण दोघातिघांनी वेगवेगळ्या वाटेने सोडवली. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी टायरच्या कडेत न ताणली जाणारी तार घालायची कल्पना पेटंट केली. ही तार टायरला रिमवर धरून ठेवते, पण हवा सोडली की टायर हाताने काढता येतो. आजही तुमच्या टायरच्या कडेला दाबून बघा, आत तार लागेल. महागड्या टायरमध्ये तारेऐवजी मजबूत धागा असतो, म्हणून तो घडी घालून खोक्यात येतो. त्याच वर्षी बार्टलेट यांनी रिमच्या वळवलेल्या काठात टायरची कड अडकवायची पद्धत आणली. ड्यू क्रॉस यांच्या कंपनीने दोघांचेही हक्क विकत घेतले.

तिकडे फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँ इथे मिशेलिन बंधूंच्या रबर कारखान्यात एक सायकलस्वार डनलॉपचा पंक्चर टायर घेऊन आला. दुरुस्तीला काही तास लागले, गोंद सुकायला रात्र गेली आणि एवढं करूनही दुसऱ्या दिवशी टायर टिकला नाही. पण ज्याला तो बसवलेला असताना चालवून बघायला मिळाला, त्या एदुआर मिशेलिनना हवेवर धावायचा अनुभव विसरता येईना. त्यांनी चटकन काढता-घालता येणारा टायर तयार केला. सप्टेंबर १८९१ मध्ये पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी साधारण १२०० किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेराँ मिशेलिनच्या टायरवर सुमारे साडेएकाहत्तर तासांत ती जिंकला.

यातला मुद्दा बघा. या सगळ्यांनी टायर जाड करून पंक्चर थांबवायचा मार्ग धरला नाही. पंक्चर होणारच हे मान्य केलं आणि ते काढायचा वेळ कमी केला. वेग सोडायला कुणीच तयार नव्हतं.

याच काळातली आणखी एक वस्तू तुम्ही नक्की पाहिली असेल. १८९१ च्या सुमारास वूड्स नावाच्या संशोधकाने एक व्हॉल्व्ह आणला. पितळी नळीवर छोटी रबरी नळी चढवलेली असते. हवा आत जाताना रबर बाजूला सरकतं, बाहेर यायला लागली की रबर भोकावर घट्ट बसतं. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलींना अजूनही हाच व्हॉल्व्ह असतो आणि पंक्चरच्या दुकानात मिळणारी ती बोटभर वॉलट्यूब त्यातलीच. जगात बऱ्याच ठिकाणी याला डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात. सव्वाशे वर्षं उलटली तरी ही वस्तू आपल्या गल्लीत चालू आहे.

पेटंट गेलं

कंपनी जोरात चालली असतानाच डनलॉप यांना धक्का बसला. पेटंट मिळून दोन वर्षं होतात न होतात तोच त्यांना कळवण्यात आलं की तुमचं पेटंट वैध नाही. कारण हीच कल्पना ४० पेक्षा जास्त वर्षांपूर्वी दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने नोंदवून ठेवली होती.

त्यांचं नाव रॉबर्ट विल्यम थॉमसन. १० डिसेंबर १८४५ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. आत रबर लावलेल्या कापडाची नळी आणि बाहेरून चामड्याचं आवरण. १८४७ मध्ये लंडनच्या रीजेंट्स पार्कमध्ये त्यांनी घोडागाडीला ही चाकं लावून दाखवली. चाकं चांगली चालली, टिकलीसुद्धा. पण तेव्हा चालवायला सायकलच नव्हती, घोडागाडीवाल्यांना गरज वाटत नव्हती आणि चांगलं पातळ रबर महाग होतं. कल्पना कागदावर राहिली. थॉमसन १८७३ मध्ये वारले.

डनलॉप यांना थॉमसन यांच्या कामाची माहिती नव्हती. त्यांनी आपल्या अंगणात तीच गोष्ट नव्याने शोधून काढली होती. मला यात चोरीची गोष्ट दिसत नाही, वेळेची दिसते. थॉमसन यांच्याकडे टायर होता पण सायकल नव्हती. डनलॉप यांच्या दारात सायकल उभी होती आणि तिच्यावर कुरकुर करणारा मुलगाही.

पेटंट गेल्यावर कंपनी वाचली ती वेल्च आणि बार्टलेट यांच्या हक्कांमुळे. म्हणजे हवेचा टायर कुणीही करू शकत होतं, पण तो रिमवर नीट बसवायची युक्ती कंपनीकडे होती.

कापडातली शर्यत

एक कमी ऐकलेली गोष्ट इथे सांगतो, कारण आजचा टायर घेताना ती उपयोगी पडते.

सुरुवातीच्या टायरमध्ये साधं विणलेलं कापड असे. विणलेल्या कापडात आडवे-उभे धागे एकमेकांच्या खालीवर जातात. टायर दुमडला की हे धागे एकमेकांवर घासतात. पुन्हा ताकद वाया. १८९० च्या दशकात शिकागोचे जॉन पामर यांनी वेगळं केलं. सगळे धागे एका दिशेने शेजारी शेजारी ठेवायचे, रबरात बुडवायचे आणि असा दुसरा थर त्याच्यावर तिरका टाकायचा. धागे एकमेकांत गुंतलेलेच नाहीत, त्यामुळे टायर सहज दुमडतो. शर्यतवाल्यांना हे टायर लगेच आवडले.

आजच्या टायरच्या खोक्यावर टीपीआय असा आकडा असतो. एका इंचात किती धागे, असा त्याचा अर्थ. जास्त धागे म्हणजे बारीक धागे, मध्ये रबर कमी, टायर लवचिक. शर्यतीच्या टायरमध्ये १२० किंवा सुती टायरमध्ये ३०० च्या पुढेही हा आकडा जातो. मजबूत टायरमध्ये साधारण ६० किंवा त्याहून कमी असतो. पण नुसता आकडा बघून फसू नका. काही कंपन्या एकावर एक असलेल्या सगळ्या थरांचे धागे मिळून मोजतात.

नाव राहिलं, माणूस बाहेर पडला

डनलॉप कंपनीत रमले नाहीत. १८९५ मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि पुढे डब्लिनमधल्या एका कापडाच्या धंद्यात लक्ष घालू लागले. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, ड्यू क्रॉस यांनी ती कंपनी टेरा हूली या व्यवहारपटू माणसाला ३० लाख पौंडांना विकली. हूलीने ती लगेच ५० लाख पौंडांना पुन्हा बाजारात आणली. २५ हजार पौंडांपासून सात वर्षांत इथपर्यंत. ज्यांच्या अंगणात हे सुरू झालं, त्यांच्या हाती यातली मोठी संपत्ती आली नाही.

कंपनीने मात्र त्यांचं नाव ठेवलं आणि त्यांचा दाढीवाला चेहराही. पुढे जाहिरातींमध्ये त्यांना उंच टोपी, छडी अशा छानछोकीच्या थाटात दाखवलं जाऊ लागलं, तेव्हा साध्या राहणीच्या या म्हाताऱ्याला ते अपमानास्पद वाटलं आणि ते कोर्टात गेले. स्वतःच्याच नावाच्या कंपनीविरुद्ध.

ऑक्टोबर १९२१ मध्ये त्यांना सर्दी होऊन ताप आला. तब्येतीला इतकं जपलेला हा माणूस त्या साध्या दुखण्यातून उठला नाही. २३ ऑक्टोबरला डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. वय ८१ वर्षं. त्यांनी लिहून ठेवलेला टायरचा इतिहास नंतर त्यांच्या मुलीने प्रसिद्ध केला.

मग आपण कोणता टायर घ्यायचा?

आता डनलॉप यांच्या अंगणातून आपल्या रस्त्यावर येऊ. आजचे पंक्चररोधक टायर काय करतात? रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली केव्हलार, नायलॉन किंवा व्हेक्ट्रानसारख्या चिवट धाग्यांचा पट्टा घालतात. काहींमध्ये चक्क पाच मिलिमीटर जाड रबराचा थर असतो. काटा त्यात अडकतो, ट्यूबपर्यंत पोचत नाही. पण तोच थर प्रत्येक फेरीत दुमडतो आणि ताकद खातो.

किती खातो? मी हिशेब करून बघितला. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरा, सपाट रस्ता, वारा नाही. चांगल्या शर्यतीच्या टायरचा रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक साधारण ०.००४ असतो, जाड पंक्चररोधक टायरचा ०.००८ पर्यंत जातो. ताशी २० किलोमीटरला पहिला टायर साधारण १७ वॅट खातो, दुसरा ३५ वॅट. उरलेली ताकद मुख्यतः हवा कापण्यात जाते.

म्हणजे तेवढाच जोर लावून हलक्या टायरवर तुम्ही ताशी २० ने जात असाल, तर जाड टायरवर ताशी १८ ने जाल. दहा किलोमीटरला तीस मिनिटांऐवजी तेहतीस. मधला टायर घेतलात, गुणांक ०.००६, तर फरक दीड मिनिटाचाच.

आता उलट बाजू. एक पंक्चर म्हणजे वीस मिनिटं धरू. नुसती घड्याळाची बेरीज केली तर सहा-सात फेऱ्यांत एकदा पंक्चर झालं तरच जाड टायर फायद्याचा ठरतो. एवढी पंक्चरं सहसा होत नाहीत. मग हलका टायर जिंकला का?

मला तसं वाटत नाही. तीन मिनिटांचा तोटा आधीच माहीत असतो, तीन मिनिटं लवकर निघालं की संपला. पंक्चर मात्र सांगून येत नाही. ते परीक्षेच्या दिवशी येतं, पावसात येतं, रात्री दहाला दुकानं बंद झाल्यावर येतं. सरासरी काढताना वीस मिनिटं दिसतात, भोगताना अख्खी संध्याकाळ जाते. म्हणून प्रश्न वेगाचा नसून तुमच्या रस्त्याचा आणि तुमच्या गरजेचा आहे:

- रोज शाळा, कॉलेज, कामावर जायचं असेल, वाटेत काचा, खिळे, बाभळीचे काटे असतील, तर पट्टा असलेला मधला किंवा मजबूत टायर घ्या.
- सुटीच्या दिवशी चांगल्या डांबरी रस्त्यावर मित्रांबरोबर लांब पल्ला मारत असाल, तर हलका टायर घ्या आणि सोबत जादा ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या ठेवा.
- पुढे हलका आणि मागे मजबूत असाही मेळ घालता येतो. मागच्या चाकावर वजन जास्त असतं आणि पंक्चरही तिथेच जास्त होतात.
- टायर कुठलाही असो, हवा तपासा. कमी हवेत खड्ड्यात ट्यूब रिम आणि दगडात चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. हे पंक्चर कुठलाही पट्टा थांबवत नाही.
- उलट हवा दगडासारखी ठासूनही भरू नका. खडबडीत रस्त्यावर टायर उड्या मारू लागतो आणि आपण पुन्हा डनलॉपच्या आधीच्या काळात जातो.
- आठवड्यातून एकदा टायरवर हात न फिरवता नुसती नजर फिरवा. रुतलेली काच वेळीच काढली तर ती आत शिरत नाही.

डनलॉप यांचं आयुष्य वाचताना मला सारखं वाटत राहिलं की त्यांनी जगाला हलका टायर दिला, पण स्वतःसाठी नेहमी जाड टायर निवडला. तब्येतीला जपलं, पेटंट दुसऱ्याच्या हवाली केलं आणि शिखर गाठायच्या एक वर्ष आधी बाजूला झाले. ड्यू क्रॉस वेगाने गेले आणि श्रीमंत झाले. यात कोण शहाणा, हे मी ठरवणार नाही. प्रत्येकाला आपला रस्ता माहीत असतो.

तुमचा रस्ता मात्र तुम्हीच नीट बघा. आज घरी गेल्यावर सायकलच्या टायरच्या बाजूला काय छापलंय ते वाचा: रुंदी किती, हवा किती पर्यंत भरायची, आत पट्टा आहे का. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढचा टायर घेताना दुकानदाराने किंवा जाहिरातीने काय सांगितलं यावर तुम्हाला अवलंबून राहावं लागणार नाही.